बँक कर्मचारी : घर, नोकरी आणि कर्तव्यापलीकडचे काम
(संघाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



संघाने आज आम्हां बँक कर्मचाऱ्यांना बोलण्यासाठी उभे केले आहे आणि विषयही आमच्या रोजच्या जगण्यातला दिला आहे. बँकेतील माणूस नेमून दिलेल्या कामाच्या पलीकडे जाऊन केव्हा राबतो, केव्हा राबेनासा होतो, आणि याचा त्याच्या घराशी काय संबंध आहे, हा तो विषय. आमच्यात रोखपाल आहेत, लिपिक आहेत, अधिकारी आहेत, शाखा सांभाळणाऱ्या भगिनी आहेत. काहीजण निवृत्त होऊन आता पेन्शनसाठी त्याच खिडकीसमोर रांगेत उभे राहतात. त्यामुळे खिडकीच्या दोन्ही बाजू आम्हाला ठाऊक आहेत. मांडणी सर्वांची मिळून आहे, बोलणारा तेवढा एक.

प्रथम हे कर्तव्यापलीकडचे काम म्हणजे नेमके काय ते सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांना वाटते की उशिरापर्यंत बसणे म्हणजेच जादा काम. तसे नाही. नोव्हेंबर महिन्यात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला देण्यासाठी येतात. आयुष्यभर कष्ट करून ज्याच्या बोटांचे ठसे झिजले आहेत अशा म्हाताऱ्याचा अंगठा यंत्र घेत नाही. 'मशीन घेत नाही, उद्या या' असे सांगितले तर नियमाचा कोठेही भंग होत नाही. परंतु एखादी लिपिक उठते, त्याला खुर्चीवर बसवते, बोट पुसून पुन्हा लावून पाहते, तरीही जमले नाही तर कागदी दाखल्याचा फॉर्म स्वतः भरून साहेबांची सही आणून देते. नवऱ्याच्या मागे खात्यावरचे पैसे मागायला आलेल्या बाईला वारसाचे कागद कोणते, ते कोठे मिळतील, हे कोणी शांतपणे दोनदा समजावून सांगतो. स्वतःची रोकड जुळल्यावर घरी जाण्याऐवजी शेजारच्या रोखपालाची तूट शोधायला कोणी थांबतो. नव्या मुलाला कोणी काम शिकवतो. हे केले नाही म्हणून मेमो मिळत नाही आणि केले म्हणून बढतीही मिळत नाही. कोणत्याही कार्यसूचीत ते लिहिलेले नसते.

व्यवस्थापनशास्त्रात याला 'ऑर्गनायझेशनल सिटिझनशिप बिहेवियर' असे लांबलचक नाव आहे. संस्थेचा चांगला नागरिक जसा वागेल तसे वागणे, असा त्याचा अर्थ. अमेरिकेतील डेनिस ऑर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली यावर जो अभ्यास प्रसिद्ध केला तो योगायोगाने बँकांमधलाच होता. दोन मोठ्या बँकांच्या 58 विभागांतील 422 कर्मचारी आणि त्यांचे वरिष्ठ यांच्याकडून त्यांनी माहिती घेतली. त्यांनी जादा वागणुकीचे दोन भाग केले. एक, समोरच्या माणसाला आपण होऊन मदत करणे. दुसरा, वेळेवर येणे, फुकट वेळ न दवडणे, नियम पाळणे. आणि त्यांना आढळले की कामातील समाधानाचा थेट संबंध पहिल्या भागाशी आहे, दुसऱ्याशी नाही. विद्यार्थी मित्रांनी हे नीट लक्षात घ्यावे. असमाधानी माणूसही वेळेवर येतो, नियम पाळतो, संध्याकाळी हिशेब जुळवून देतो. त्याच्या हातून जे आटते ते माणसाला मदत करणे. वरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला शाखा पूर्वीसारखीच चाललेली दिसते. फरक कळतो तो अंगठा न उमटलेल्या म्हाताऱ्याला. (त्याच अभ्यासात असेही दिसले की खेड्यात वाढलेली माणसे दोन्ही प्रकारांत पुढे होती. आमच्यातील गावाकडच्या मंडळींना हे ऐकून फार आनंद झाला, हे येथे नमूद करतो.)

हे जादा काम किती मोलाचे आहे याचा पुरावा आमच्या युनियनच्या इतिहासातच आहे. 'नियमानुसार काम' हे आंदोलन सर्वांना माहीत आहे. त्यात कोणी संप करीत नाही. सर्वजण हजर राहतात, फक्त पुस्तकात लिहिले आहे तेवढेच आणि तसेच काम करतात. आणि कामे तुंबतात! म्हणजे केवळ कर्तव्यावर बँक चालतच नाही. ती चालते कर्मचारी आपल्या पदरचे जे घालतो त्यावर. मग हे पदरचे येते कोठून, असा प्रश्न उरतो. आमचे उत्तर असे की ते घरून येते. घरी ज्याला थोडी उसंत आहे तोच खिडकीवर दोन मिनिटे जास्त देऊ शकतो.

नोकरी आणि घर यांच्या ओढाताणीचे तीन प्रकार ग्रीनहाऊस आणि ब्युटेल या अभ्यासकांनी 1985 साली सांगितले आहेत. पहिला वेळेचा. तो समजावून सांगण्याची गरज नाही. कल्याण-कर्जतच्या पुढून रोज लोकलने मुंबईस येणाऱ्या आमच्या बंधू-भगिनींना विचारा. दुसरा ताणाचा. माणूस वेळेवर घरी पोचतो, पण कर्जवसुलीचा आकडा डोक्यात घेऊन पोचतो. मुलगा वही पुढे करतो आणि बापाला अक्षरे दिसत नाहीत. तिसरा प्रकार वागणुकीचा, आणि तो आम्हाला फार खरा वाटला. दिवसभर काउंटरवर जी भाषा लागते, म्हणजे तुटक, पक्की, 'पुढचे कोण?' अशी, ती घरी चालत नाही, आणि संध्याकाळी ती अंगातून लगेच निघतही नाही. घरची माणसे हे सोसतात. पण सोसण्यालाही शेवट असतो, आणि घरात धुसफूस करून सकाळी निघालेला माणूस दहा वाजता खिडकीवर कोणत्या मनाने बसेल?

आता आमच्या पिढ्यांचा थोडा इतिहास सांगतो. 19 जुलै 1969 रोजी 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, 15 एप्रिल 1980 रोजी आणखी 6 बँकांचे. शाखा खेडोपाडी गेल्या, भरती झाली, आरक्षणामुळे ज्यांच्या घरात कोणी बँकेचे दार पाहिले नव्हते अशी आमची मुले-मुली खुर्चीवर बसली. त्या काळी काम कमी होते असे नाही. मोठमोठी लेजरे, हाताने व्याज काढणे, सहामाही क्लोजिंगला रात्रीचे नऊ-दहा वाजणे, हे सर्व होते. तथापि शाखेत माणसे पुरेशी होती. एकाच्या घरी आजारपण असेल तर दुसरा त्याचे लेजर ओढत असे. पुढे 2000-01 मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. संगणक आले, कोअर बँकिंग आले, लेजरे गेली. हाताचे श्रम कमी झाले हे मान्यच आहे. परंतु दुसऱ्याचे काम ओढण्यासाठी जो शेजारी लागतो तो शेजारीच राहिला नाही.

यानंतरचे तीन प्रसंग आपणा सर्वांच्या स्मरणात आहेत. 28 ऑगस्ट 2014 रोजी जनधन योजना सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी सुमारे दीड कोटी खाती उघडल्याचे शासनाने जाहीर केले. फॉर्म भरले कोणी, हे वेगळे सांगायला नको. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे व हजारच्या नोटा रद्द झाल्या. चलनात असलेल्या एकूण रकमेपैकी 86 टक्के रक्कम त्या नोटांत होती. 9 तारखेला व्यवहार बंद होते, 10 पासून रांगा लागल्या आणि 12 व 13 नोव्हेंबर, शनिवार-रविवार, बँका उघड्या राहिल्या. पुढे रिझर्व्ह बँकेने हिशेब दिला की 15.41 लाख कोटींपैकी 15.31 लाख कोटी रुपयांच्या नोटा परत आल्या. या सर्व नोटा कोणाच्या तरी बोटांखालून गेल्या आहेत. त्यानंतर मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. बँका अत्यावश्यक सेवेत धरल्या गेल्या. एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांत महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा पाचशे रुपये जमा झाले आणि ते काढायला त्या भगिनी आल्या तेव्हा तोंडाला फडके बांधून आम्ही समोर होतो. आमचे काही सहकारी त्या साथीत गेले. त्यांची आठवण येथे केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

या प्रसंगी कर्मचाऱ्यांनी जे केले त्याला कोणीही कर्तव्य एवढेच म्हणणार नाही. सुट्ट्या सोडल्या, घरची कार्ये सोडली. कोणी फारसे कुरकुरलेही नाही. असे का झाले, याचा आम्ही बराच विचार केला. आमच्या मते दोन कारणे होती. एक म्हणजे मदत कोणाला होत आहे ते डोळ्यांसमोर दिसत होते. मुलीच्या लग्नासाठी जमवलेल्या नोटा घेऊन बाप समोर उभा आहे, त्याला नाही कसे म्हणणार? दुसरे कारण असे की त्या कामाला शेवट होता. जुन्या नोटा भरण्याची मुदत 30 डिसेंबर 2016 पर्यंत होती. घरी सांगता येत होते की एवढा महिना काढा. घरच्यांनी काढला. खरे पाहता त्या पन्नास दिवसांत आमच्याइतकेच जादा काम आमच्या घरच्यांनी केले. त्यांना कोणी हार घातला नाही.

बिघडले ते नंतर. संकटात जे आपण होऊन दिले ते पुढे नेहमीचे धरले जाऊ लागले. रविवारी कर्जमेळावा, संध्याकाळी सात वाजता आढावा बैठक, रात्री साडेदहाला मोबाईलच्या ग्रुपवर 'आज किती झाले?' असा प्रश्न. आणि किती काय, तर विमा पॉलिसी! ठेवीदाराला जी पॉलिसी नको आहे ती त्याच्या गळ्यात घालणे हे बँकेच्या सेवेत कसे बसते, हे आम्हाला अद्याप समजलेले नाही. लिपिकांना जादा तासांचा भत्ता करारात आहे, अधिकाऱ्यांना तोही नाही. अधिकारी म्हणजे चोवीस तास बँकेचा, अशी समजूतच आहे. इस्रायलमधील अभ्यासक विगोडा-गॅडॉट यांनी 2006 साली याच प्रकाराला 'सक्तीचे नागरिकत्व' असे नाव दिले. वरिष्ठांच्या दडपणाने केलेले जादा काम बाहेरून स्वेच्छेच्या कामासारखेच दिसते, पण ते वेगळे आहे. आमचा अनुभव असा की सक्तीचे जादा काम खऱ्या जादा कामाला खाऊन टाकते. रात्री साडेदहाला ज्याला उत्तर द्यावे लागले तो सकाळी म्हाताऱ्याचा फॉर्म भरून देत नाही. त्याचे देणे आधीच वसूल झालेले असते.

भगिनींच्या बाबतीत हा हिशेब अधिक कठोर आहे. केंद्र शासनाच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात, पुरुष 97 मिनिटे, असे तीत दिसले. म्हणजे बाई बँकेत येते ती पहिली पाळी संपवून येते. बोलिनो व टर्नली या अमेरिकन अभ्यासकांना 2005 साली असे आढळले की आपण होऊन जादा काम अंगावर घेणाऱ्यांत कामाचा बोजा, ताण आणि घरची ओढाताण जास्त असते, आणि जादा काम व घरची ओढाताण यांचा हा संबंध पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक ठळक असतो. आमच्या डोळ्यांपुढे याची उदाहरणे आहेत. दिवसभरात दहा-बारा पेन्शनरांची कामे मार्गी लावून साडेपाचला पाळणाघराकडे धावणारी बाई 'मनापासून काम करीत नाही' असे ठरते, आणि साडेसातपर्यंत साहेबांच्या केबिनसमोर रेंगाळणारा पुरुष निष्ठावान ठरतो. जादा कामाचे माप घड्याळ असेल तर ती नेहमी हरणार. माप जर खिडकीवरच्या माणसाचे झालेले काम असेल, तर निकाल वेगळा लागेल. बढती म्हणजे बदली, या भीतीने कितीतरी हुशार भगिनी बढतीची परीक्षाच देत नाहीत. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली, ही मोठी गोष्ट झाली. त्याच दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघराची तरतूद झाली, पण एका शाखेत पन्नास माणसे सहसा नसतातच.

याची दुसरी बाजूही तपासून पाहिली गेली आहे. शिकागोजवळच्या एका कारखान्यात सुसान लॅम्बर्ट या विदुषींनी अभ्यास केला, तो 2000 साली प्रसिद्ध झाला. कारखान्याने मुलांची देखभाल, शिक्षण, कुटुंबाला मदत अशा सोयी केल्या होत्या. ज्या कामगारांना या सोयी खरोखर उपयोगी पडल्या ते सहकाऱ्यांना जास्त मदत करीत आणि काम सुधारण्याच्या सूचनाही जास्त देत. घरचा भार कोणी हलका केला की माणूस त्याची फेड करतो. यासाठी कोणी भाषण द्यावे लागत नाही.

रजेच्या संदर्भात एक गंमतीची गोष्ट सांगतो. रिझर्व्ह बँकेने 2021 साली असे सांगितले की संवेदनशील जागांवर काम करणाऱ्यांना वर्षातून किमान दहा कामाचे दिवस सलग, आणि पूर्वसूचना न देता, रजेवर पाठवावे. त्या काळात कार्यालयीन ई-मेल वगळता कामाची यंत्रणा त्यांच्या हाती नसावी. हेतू अर्थातच अफरातफर उघडकीस यावी हा आहे, कोणाच्या मुलाबाळांचा विचार त्यात नाही. परंतु यातून एक गोष्ट सिद्ध होते. एक माणूस दहा दिवस नसला तरी बँक बुडत नाही. मग त्याच माणसाने बहिणीच्या लग्नासाठी चार दिवस मागितले की 'तुमच्यावाचून शाखा कशी चालेल?' असे का विचारले जाते?

आता पाच दिवसांच्या आठवड्याविषयी. 1 सप्टेंबर 2015 पासून दुसरा व चौथा शनिवार सुट्टीचा झाला आणि अर्ध्या दिवसाचे बाकीचे शनिवार पूर्ण दिवसाचे झाले. मार्च 2024 च्या बाराव्या वेतन कराराच्या वेळी सर्व शनिवार सुट्टीचे करावेत याबद्दल युनियन व इंडियन बँक्स असोसिएशन यांचे एकमत झाले आणि बदल्यात रोज सुमारे चाळीस मिनिटे जादा काम करण्याची तयारी युनियननी दाखवली. अंतिम संमती शासनाच्या हाती ठेवली गेली. यावर लोक आम्हाला टोमणे मारतात. बँकवाल्यांना आधीच सुट्ट्या फार, जेवणाची सुट्टी तर संपतच नाही, वगैरे. आमच्यात कामचुकार कोणी नाहीत असा दावा आम्ही करणार नाही. ते आहेत, आणि त्यांचे काम आम्हालाच ओढावे लागते. पण पूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना 1946 साली बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारा कायदा झाला, तेव्हाही उत्पादन बुडेल अशीच ओरड मालकवर्गाने केली होती. तरीही एक इशारा आम्ही आमच्याच मंडळींना देऊ इच्छितो. केवळ शनिवार मिळून भागणार नाही. शनिवार मोकळा आणि मोबाईल चालू, अशी सुट्टी घरच्यांच्या कामाची नाही. रिकाम्या जागा भरणे आणि संध्याकाळनंतरचे निरोप थांबवणे या दोन मागण्या शनिवारच्या मागणीइतक्याच जोराने मांडल्या पाहिजेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकजण आयबीपीएसची परीक्षा देत आहात. ही सामाईक परीक्षा 2011 पासून सुरू आहे, आणि आमच्या वेळेपेक्षा तुमची स्पर्धा कितीतरी मोठी आहे. परीक्षेत संगणक, इंग्रजी, गणित विचारतात. घर कसे सांभाळाल हे कोणी विचारीत नाही. अधिकारी म्हणून लागलात तर दोन वर्षे परिविक्षेची असतात आणि त्या काळात 'नाही' म्हणण्याची सोय जवळजवळ नसते. म्हणून पहिल्या पगारापासून घरच्यांना कामाचे स्वरूप सांगत जा. आईवडिलांना वाटते की मुलगा साहेब झाला, पाचला घरी येईल. लग्न ठरवताना तर बदलीची गोष्ट दोन्ही बाजूंनी उघड बोलावी. मुलगी बँकेत असेल तर तिच्या बदलीमागे घर हलेल की नाही, हेही त्याच बैठकीत बोलावे. आणि जादा काम करायचेच असेल तर ते काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसासाठी आधी करा, केबिनमधल्या माणसासाठी नंतर.

शेवटी एक सूचना संघाच्या कार्यकारिणीसाठी. संघही आमच्याकडून जादा काम घेतो. रविवारी कार्यालयात खाते उघडण्याचे, शिष्यवृत्तीच्या खात्याला आधार जोडण्याचे, पेन्शनचे अर्ज भरून देण्याचे काम आम्ही करतो, आणि ते आवडीने करतो. परंतु आतापर्यंत जो हाताशी सापडेल त्याला बोलावले जाते आणि सापडणारी पाच-सहा माणसे तीच ती असतात. यापुढे पाळी लावावी. बँकेतील सभासदांची यादी करून प्रत्येकाकडे दोन महिन्यांतून एकच रविवार यावा, सकाळी दहा ते एक. एकनंतर कोणाच्या घरी कागद घेऊन जाऊ नये आणि रात्री फोन करू नये. निवृत्त मंडळी नोव्हेंबर महिना पूर्ण सांभाळायला तयार आहेत, तसे त्यांनी आम्हाला कळवले आहे. भगिनींना कोणता रविवार सोयीचा, ते त्यांनाच विचारून लिहावे. आमची नावे आजच सभा संपल्यावर चिटणीसांकडे देत आहोत.